पटवर्धनी फौज, लाटसाहेबाच्या तोफा

संस्थानी काळातला शिरोळ तालुक्याचा नकाशा एका रंगात रंगवता येत नाही. शिरोळ कोल्हापूरकरांचे, पंचगंगा ओलांडली की कुरुंदवाड पटवर्धनांचे, आणि आसपास दोघांची गावे एकमेकांत घुसलेली. कुरुंदवाड 8 मार्च 1948 रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले, कोल्हापूर 1 मार्च 1949 रोजी. तोवर या एवढ्याशा टापूत दोन राज्यांच्या हद्दी नांदत होत्या. नांदत होत्या म्हणायचे, पण अठराव्या शतकात त्यांच्यावरून चकमकी, जप्त्या, जाळपोळ असे सगळे झाले. नदीपलीकडच्या शेजाऱ्याशी ज्यांचे धड जमत नव्हते, त्या पटवर्धन सरदारांना 1790 मध्ये कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलशी आणि हैदराबादच्या निजामाशी मिळून एकच मोहीम पार पाडायची होती. शत्रू होता म्हैसूरचा टिपू सुलतान.

29 डिसेंबर 1789 रोजी टिपूने त्रावणकोरच्या तटबंदीवर हल्ला केला. त्रावणकोरचा राजा ईस्ट इंडिया कंपनीचा दोस्त, म्हणून कंपनी युद्धात उतरली. पण टिपूशी एकट्याने लढण्याची हौस गव्हर्नर जनरल लॉर्ड कॉर्नवॉलिसला नव्हती. टिपूच्या बापाने, हैदरने, दहा वर्षांपूर्वी मद्रासच्या फौजांची काय अवस्था केली होती ते सर्वांना आठवत होते. पुण्यातला कंपनीचा वकील चार्ल्स मॅलेट कामाला लागला. नाना फडणविसांच्या बाजूने बहिरोपंत मेहेंदळे बोलणी करत होते. 1 जून 1790 रोजी पुण्यात करार झाला, महिनाभराने निजामाशीही झाला.

हा करार कागदावर तरी चांगला विचारपूर्वक केलेला आहे. पेशव्यांनी आणि निजामाने प्रत्येकी 25,000 ची फौज मैदानात आणायची. कंपनीने दोघांना आपल्या पलटणी द्यायच्या, त्यांचा खर्च ज्याचा त्याने सोसायचा. इंग्रजांना घोडदळाची गरज पडली तर मागितल्यापासून महिन्याच्या आत 10,000 स्वार पाठवायचे, त्यांचा पगार कंपनीने द्यायचा. जिंकलेल्या मुलखाचे तीन सारखे वाटे करायचे. कोणी एकट्याने तह करायचा नाही. एकमेकांच्या छावणीत एकमेकांचे वकील राहतील. आणि एक बारीक कलम : बाकीचे दोघे युद्धात उतरण्यापूर्वी कंपनीने जी ठाणी घेतली असतील, त्यांत त्या दोघांचा वाटा नाही. उशिरा येणाऱ्याला दंडच तो.

करारात नव्हते ते एवढेच, की लढायचे कुठे आणि कुठवर. फौजा किती हे ठरले, वाटे किती हे ठरले. पण आधी श्रीरंगपट्टण घ्यायचे की आधी तुंगभद्रेच्या अलीकडचा मुलूख सोडवायचा, टिपूला संपवायचे की नुसते वाकवायचे, याबद्दल तिघांनी तीन गोष्टी मनात धरल्या होत्या. पुढची पावणेदोन वर्षे या एका मोकळ्या जागेभोवती फिरली.

पटवर्धनांच्या मनात काय होते ते समजायला थोडे मागे जावे लागते. कोकणातल्या कोतवड्याच्या हरभट पटवर्धनांच्या मुलांनी इचलकरंजीकर घोरपड्यांच्या आश्रयाने सुरुवात केली आणि पेशव्यांच्या चाकरीत घराणे वाढवले. मिरज, तासगाव आणि कुरुंदवाड अशा शाखा झाल्या. थोरल्या माधवरावांनी त्यांना सरंजाम दिला तो दक्षिण सरहद्दीची राखण करण्यासाठी. ही राखण महाग पडली. 1777 मध्ये सौंशीच्या लढाईत हैदरच्या फौजेने कुरुंदवाडच्या शाखेतले कोन्हेरराव त्र्यंबक यांना मारले, पांडुरंगराव गोविंद यांना कैद करून श्रीरंगपट्टणास नेले. ते कैदेतच वारले. पुढच्याच वर्षी धारवाड हैदरकडे गेले. 1785 मध्ये टिपूने नरगुंद घेतले, तिथले भावे पटवर्धनांच्या नात्यातले. त्यामुळे तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन 1790 मध्ये दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे श्रीरंगपट्टणचा तट नव्हता. धारवाड होते, आणि त्याच्या भोवतीची वसुलाची गावे होती.

कंपनीने मात्र वेळ दवडला नाही. कॅप्टन जॉन लिटल याच्या हाताखाली मुंबईहून देशी शिपायांच्या दोन पलटणी आणि थोडा तोफखाना करार होण्यापूर्वीच गलबतांतून निघाला. जयगडच्या खाडीतून संगमेश्वर, तिथून आंबा घाट. मे अखेर ते जून, म्हणजे तोफा चढवायला याहून वाईट दिवस शोधून सापडले नसते. चिखल तुडवत ही मंडळी जूनमध्ये तासगावजवळ कुमठ्याला भाऊंच्या तळावर पोचली, आणि पाहतात तो तळावर फौजच जमलेली नाही. थोडे स्वार, बाकी सगळे ‘येताहेत’.

इंग्रज लेखकांनी याला मराठ्यांची सुस्ती म्हटले. मला ते अर्धेच पटते. सरंजामी फौज खडी नसते. पेरण्या आटोपून, घोड्यांची सोय लावून, सावकाराकडून पैसा उचलून शिलेदार येतो, आणि मोहीम दसऱ्याला निघते असा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता. पण उरलेले अर्धे कारण पुण्यात होते. टिपूचे वकील तिथे अजून ठाण मांडून होते, आणि त्यांच्याकडून बाकी खंडणी जितकी सुटेल तितकी सोडवून घेण्याचे नानांनी चालवले होते. एकीकडे टिपूविरुद्ध करार, दुसरीकडे टिपूच्याच वकिलांशी पैशाची बोलणी. मॅलेट जळफळत होता. वकिलांना निरोप मिळाला तो ऑगस्टच्या आरंभी. त्यानंतर आठवड्याच्या आत-बाहेर भाऊंनी कृष्णा ओलांडली. म्हणजे पाऊस अडथळा होताच, पण हुकूम आल्यावर तो आडवा आला नाही.

सप्टेंबरच्या मध्याला धारवाडला वेढा पडला. किल्लेदार बद्रुझ्झमान खान मुरलेला माणूस. लिटलजवळ तट पाडण्याजोग्या तोफा नव्हत्या, त्या भाऊंच्या. भाऊंजवळ दारूगोळा पुरेसा नव्हता, तो पुण्याहून थोडा थोडा यायचा. लिटलच्या तुकडीतला लेफ्टनंट एडवर्ड मूर याने या मोहिमेचा वृत्तांत 1794 मध्ये छापला. त्यातले मराठी तोफखान्याचे वर्णन वाचून आजही हसू येते : तोफ भरायची, मग सगळ्यांनी बसून गुडगुडी ओढत गप्पा मारायच्या, अर्ध्या तासाने ती डागायची, धूळ उडाली की काम झाले, दुपारी तर जेवणासाठी दोन तास दोन्ही बाजूंनी गोळीबार बंद. मूर विनोदी लिहितो आणि थोडे तिखटमीठही लावत असेल. परंतु त्याच्याच नजरेसमोर दुसरे एक काम जोरात चालले होते, ते त्याला युद्धाचा भाग वाटले नाही. वेढ्याच्या आडोशाने भाऊंचे स्वार आजूबाजूच्या परगण्यांत पसरून ठाणी बसवत होते, कमाविसदार नेमत होते. भाऊंच्या हिशेबाने मोहीम रखडली नव्हती. ती व्यवस्थित चालू होती.

डिसेंबर अखेरीस मुंबईहून कर्नल फ्रेडरिक नवी कुमक घेऊन आला. त्याला घाई. 7 फेब्रुवारी 1791 रोजी त्याने खंदकात काटक्यांच्या मोळ्या टाकून हल्ला केला. किल्ल्यातल्यांनी मोळ्या पेटवून दिल्या आणि हल्ला फसला. महिन्याभराने फ्रेडरिक आजारात गेला. एप्रिलच्या आरंभी धारवाड भाऊंच्या हाती आले. एका किल्ल्याला 29 आठवडे लागले.

तिकडे कॉर्नवॉलिसने 21 मार्चलाच बंगळूर घेतले होते. एप्रिलमध्ये निजामाचे घोडदळ त्याला मिळाले. ते पाहून त्याचे अधिकारी आधी खूश झाले आणि मग वैतागले, कारण हे स्वार शत्रूला अडवण्यापेक्षा वैरण संपवण्यात वाकबगार निघाले. मेच्या आरंभी तो श्रीरंगपट्टणाकडे निघाला. योजना अशी : पूर्वेकडून तो, मलबारच्या घाटातून जनरल अॅबरक्रॉम्बी, आणि उत्तरेकडून मराठे. तिघे एकाच वेळी किल्ल्यापाशी. पेशव्यांचे सेनापती हरिपंत फडके जानेवारीत पुण्याहून निघून निजामाला भेटून शिऱ्याच्या बाजूला आले होते, भाऊ धारवाडहून खाली उतरत होते. नकाशावर रेघा अगदी सरळ दिसतात.

रस्त्यावर काय चालले होते? टिपूच्या हलक्या स्वारांनी मुलूख उजाड केला होता आणि प्रत्येक वाट धरली होती. कॉर्नवॉलिसचे हरकारे मराठ्यांपर्यंत पोचेनात, मराठ्यांचे कासीद कॉर्नवॉलिसपर्यंत पोचेनात. 15 मे रोजी अरिकेरे येथे त्याने टिपूला मागे रेटले, श्रीरंगपट्टण समोर दिसू लागले. पण पाऊस लवकर लागला, बैल शेकड्यांनी मेले, दाणा संपला, छावणीत देवी पसरल्या. दोस्त येणार असे करारात होते, पण कधी येणार याची एक ओळही हातात नव्हती. त्याने अॅबरक्रॉम्बीला परत जायला सांगितले आणि 22 मे रोजी कन्नंबाडीजवळ आपल्या किल्लाफोड तोफा स्वतःच फोडून टाकल्या. ते जुने कन्नंबाडी गाव आज कृष्णराजसागर धरणाच्या पाण्याखाली आहे.

26 मे रोजी ही थकलेली फौज परतीच्या वाटेला लागली. चिनकुरळीच्या बाजूला स्वारांचा एक जमाव दिसला. टिपूचे घोडदळ समजून इंग्रजांनी बंदुका सरसावल्या. ते मराठ्यांच्या बिनीचे स्वार होते. हरिपंत आणि भाऊ मागोमाग येतच होते, एका मजलेवर. चार दिवसांपूर्वी ही बातमी मिळाली असती तर तोफा शाबूत राहिल्या असत्या. 1791 मध्येच श्रीरंगपट्टण पडले असते का, हे कोणी सांगावे. उपाशी बैल तोफा ओढत नाहीत.

पुढचे दृश्य समकालीन इंग्रजांनी मोठ्या चवीने लिहून ठेवले आहे. मराठ्यांच्या छावणीत भरलेला बाजार! धान्य, गुरे, मेंढ्या तर होत्याच. शिवाय विलायती बनात, चाकू, काश्मिरी शाली, जडजवाहीर, काय हवे ते. दाम मात्र चढे. अर्धपोटी शिपाई तिथे तुटून पडले. मराठ्यांच्या चालण्याला सगळे हसत, पण त्यांची फौज बाजार घेऊन चालायची म्हणून जिवंत राहायची आणि म्हणूनच हळू चालायची. कंपनीची फौज झपाट्याने गेली आणि उपाशी मेली. दोन्ही पद्धतींत चूक कोणतीच नाही, पण दोघांना एकाच वेळापत्रकात बसवले की एकाची वाट दुसऱ्याने पाहायची, एवढेच हाती उरते.

28 मे रोजी भेट झाली. नजर-नजराणे झाले आणि हरिपंतांनी पहिलीच गोष्ट काढली ती कर्जाची. बारा-चौदा लाखांच्या घरातली रक्कम. दोस्ताची नड पाहून मागितलेले पैसे, असा इंग्रजांचा ग्रह झाला. हरिपंतांच्या बाजूने पाहता शिलेदारांचे पगार थकले होते आणि वसूल यायला मुलूख अजून हाती नव्हता. कॉर्नवॉलिसने चीनच्या व्यापारासाठी मद्रासला आलेला पैसा वळवून कर्ज दिले. युती टिकवण्यासाठी त्याने केलेल्या कामांत मला हे सर्वांत शहाणपणाचे वाटते. भाषणांनी जे झाले नसते ते त्या रकमेने झाले.

त्याच वर्षीची एक गोष्ट मराठी वाचकाला अवघड वाटते, पण गाळता येत नाही. पटवर्धनांपैकी रघुनाथराव यांच्या फौजेबरोबर असलेल्या लमाण-पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा शंकराचार्यांचा मठ लुटला. मूर्ती हलवली, माणसे मारली. मठाने दाद मागितली ती टिपूकडे, आणि टिपूने पैसा व साहित्य पाठवून पुनःप्रतिष्ठेला मदत केली. त्याची मठाला लिहिलेली पत्रे 1916 मध्ये उजेडात आली. पुणे दरबारालाही या प्रकाराची लाज वाटली आणि लूट परत करण्याचे हुकूम सुटले. पण करारात फौजेची संख्या होती. फौजेमागून चालणाऱ्या, पगार नसलेल्या आणि लुटीवर जगणाऱ्या लोकांचा मालक कोण, हे कोणत्याच कलमात नव्हते.

दुसऱ्या खेपेची आखणी अधिक सावधपणे झाली. पावसाळ्यात तिन्ही फौजा एकत्र पोसणे अशक्य, म्हणून त्या वेगळ्या झाल्या. हरिपंत कॉर्नवॉलिसबरोबर राहिले. निजामाचे वकील, पेशव्यांचे मुत्सद्दी आणि गव्हर्नर जनरल एकाच छावणीत आल्यामुळे प्रश्न-उत्तराला महिना लागायचा तो दिवसावर आला. कॅप्टन रीडने लमाणांच्या तांड्यांशी बोलून धान्याचे बैल कंपनीच्या छावणीकडे वळवले. वाटेतले डोंगरी किल्ले आधी घेतले : ऑक्टोबरात नंदीदुर्ग, डिसेंबरात सावनदुर्ग. अॅबरक्रॉम्बी पुन्हा मलबारकडून येणार होता आणि त्याच्याजवळ घोडदळ नव्हते. त्याला कावेरीच्या पश्चिम अंगाला गाठून झाकायचे, हे काम परशुरामभाऊ आणि लिटल यांच्याकडे आले.

भाऊ गेले शिमोग्याला.

29 डिसेंबर 1791 रोजी तुंगेकाठच्या दाट जंगलात टिपूच्या रझा साहेबाची फौज मोर्चे धरून बसली होती. भाऊंचे चिरंजीव अप्पासाहेब घोडदळ घेऊन पुढे झाले, पण झाडीत घोडा चालेना. लिटलने हजाराच्या आत संगिनींनिशी, मूरसारखे अधिकारी जखमी होत असताना, ते ठाणे उधळले. लढाई नामी झाली आणि शिमोगा हाती आले. फक्त योजनेत त्या लढाईला जागा नव्हती. तिथून भाऊ बिदनूरकडे सरकले, कारण तो सुपीक आणि पैशाचा प्रांत. टिपूने कमरुद्दीन खानाला त्या बाजूला पाठवल्याचे कळल्यावर ते मागे फिरले. अॅबरक्रॉम्बी त्यांच्यावाचूनच आला आणि भाऊ श्रीरंगपट्टणापाशी पोचले तेव्हा तहाच्या अटी ठरत आल्या होत्या.

भाऊंना दोष देणे सोपे आहे आणि तो थोडाफार आहेही. पण हे वागणे मराठी दरबाराचे खास वैशिष्ट्य मानू नये. दुसऱ्या महायुद्धात स्टालिन 1941 पासून फ्रान्समध्ये दुसरी आघाडी मागत होता. ती उघडली 6 जून 1944 ला. मधल्या काळात चर्चिलने भूमध्य समुद्राकडून वर जायचा आग्रह धरला, कारण ब्रिटनच्या साम्राज्याची वाट तिथून जात होती. चर्चिलचे धारवाड इटलीत होते. तिथल्या डोंगरांत मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान लढले आणि यशवंत घाडगे (जुलै 1944) व नामदेव जाधव (एप्रिल 1945) यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. फरक असा, की ब्रिटिश-अमेरिकनांनी 1942 च्या आरंभीच वॉशिंग्टनमध्ये दोन्ही देशांच्या सेनाप्रमुखांचे एक कायमचे मंडळ बसवले होते. भांडणे तिथे होत आणि निर्णय झाला की फौजा त्याप्रमाणे हलत. पहिल्या महायुद्धात हे शहाणपण यायला 26 मार्च 1918 उजाडला; जर्मनांनी आघाडी फोडली तेव्हा कुठे फ्रेंच सेनानी फॉशच्या हाती एकत्रित सूत्रे आली. 1791 च्या छावणीत असे मंडळ नव्हते. कॉर्नवॉलिस विनंती करू शकत होता, कर्ज देऊ शकत होता, रुसू शकत होता. हुकूम मात्र देऊ शकत नव्हता.

मग त्याने जे केले ते पाहण्यासारखे आहे. 6 फेब्रुवारी 1792 च्या रात्री श्रीरंगपट्टणाबाहेरच्या टिपूच्या मोर्च्यांवर तोफांशिवाय तीन तुकड्यांनी हल्ला करायचे ठरले. दोस्तांना सांगितले कधी, तर तुकड्या निघाल्यावर. आधी सांगावे तर तिन्ही छावण्यांतल्या हेरांमार्फत बातमी टिपूपर्यंत पोचणार, ही भीती रास्त होती. हरिपंत आणि निजामाचा शाहजादा सिकंदरजाह यांना धक्का बसला. तोफा नाहीत, रात्रीची वेळ, आणि खुद्द लाटसाहेब पायदळाबरोबर साध्या शिपायासारखा गेलेला. हल्ला यशस्वी झाला, म्हणून कोणी तक्रार केली नाही. तो फसला असता तर पुण्यात मॅलेटला काय ऐकावे लागले असते! पावणेदोन वर्षांच्या संयुक्त आखणीतला सर्वांत निर्णायक घाव असा दोस्तांना अंधारात ठेवून घातला गेला.

फेब्रुवारी अखेर टिपूचे दोन मुलगे ओलीस म्हणून आले आणि मार्चमध्ये तह पुरा झाला. तीन कोटी तीस लाख रुपये दंड, आणि अर्धे राज्य, ते वसुलाच्या हिशेबाने तिघांत सारखे वाटलेले. प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे 13 लाख होनांचा मुलूख. मराठ्यांची हद्द पुन्हा तुंगभद्रेला भिडली, धारवाड कायम झाले. टिपूला गादीवर ठेवण्याबाबत मात्र तिघांचे, आपापल्या कारणांनी, एकमत झाले. नाना आणि हरिपंत यांचे कारण उघड आहे : म्हैसूर संपले की कंपनीच्या आणि आपल्या मध्ये कोणी उरत नाही. गंमत म्हणजे युद्धाच्या शेवटाबद्दलचा हा एकच मुद्दा असा होता, की त्यावर आधी एक अक्षरही लिहिलेले नसताना तो बिनबोभाट सुटला.

कॉर्नवॉलिसला यातून कायमची हमी हवी होती; टिपू पुन्हा उठला तर तिघांनी काय करायचे याचा वेगळा करार. नाना तो लांबवत राहिले, कारण तसा करार केला तर निजामाकडच्या चौथाईच्या बाकीचे काय? तो करार कधीच झाला नाही. या छावणीतला सर्वांना बांधून धरणारा माणूस हरिपंत, तो 1794 मध्ये वारला. 11 मार्च 1795 रोजी खर्ड्याला पेशव्यांची फौज निजामावर चालून गेली. सेनापती परशुरामभाऊच होते, आणि कंपनी बाजूला उभी राहिली. 4 मे 1799 रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू मारला गेला, तेव्हा निजामाची फौज इंग्रजांबरोबर होती, मराठ्यांची नव्हती. त्या वर्षी सप्टेंबरात भाऊ पट्टणकुडीच्या लढाईत ठार झाले. समोर कोल्हापूरकर होते.

या साऱ्या व्यवहाराची मराठी बाजू आज वाचता येते ती बरीचशी पटवर्धनांच्या दप्तरामुळे. वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेत शिक्षकी करता करता ही पत्रे निवडली आणि 1897 पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या मालेत छापली. त्यांत दाणा, वैरण, पगार, कर्ज आणि कासीद कुठे अडकला याबद्दलच मजकूर जास्त आहे. शौर्याचा त्या मानाने थोडा.